चांदसैलीच्या पायथ्याशी धोतराला मनाई

गेल्या महिन्यात माझी नात मोटारींची शर्यत बघायला गेली होती. तिथून तिने मला तिच्या पासच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला. गाड्या दुरुस्त करतात त्या भागात जायचं तर पायभर पँट हवी, बंद बूट हवेत, लोंबणारी ओढणी नको, नायलॉन-बियलॉन नको. खाली तिने लिहिलं होतं, ‘आजी, बघायला जायचं तर एवढे नियम?’ मी उत्तर पाठवलं, ‘मला हे साठ वर्षांपासून पाठ आहेत.’ दोन मिनिटांत तिचा फोन आला. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. चांदसैली घाटाबद्दल विचारणारी पत्रंही बरीच आली आहेत, त्यामुळे रस्त्याची माहितीही ओघात येईल.

माझ्या पायाला भिंगरी आहे हे नेहमीच्या वाचकांना सांगायला नको. दोन आठवडे घरात बसले की मला भिंती मोजाव्याशा वाटतात. पण ही भिंगरी लागली ती त्या पहिल्या प्रवासात. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांची होते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझं लग्न ठरलं होतं. आमचं गाव तापीच्या काठी, प्रकाशा गावापासून दोन कोसांवर. आता तो सगळा नंदुरबार जिल्हा आहे. तेव्हा सरकारदरबारी आम्ही धुळ्याचे होतो.

माघ महिन्यात एक दिवस पोस्टमन कार्ड घेऊन आला. भाऊचं होतं. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. चार वर्षांत त्याने घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्याला इंजिनांचं वेड होतं. मळ्यातलं पाण्याचं इंजिन त्याने लहानपणीच खोलून पुन्हा बसवलं होतं. मॅट्रिक सोडून तो नंदुरबारला एका ट्रकच्या गॅरेजात लागला. पाटलाचा मुलगा ट्रकखाली झोपतो, हे आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, कधी सहन झालं नाही. त्याला मुलगी दाखवायला पाहुणे आले होते, त्याच दिवशी तो कामावरून तसाच, डांगरी घालून दारात उभा राहिला. मेकॅनिक लोक घालतात तो अंगाला एकसंध असलेला निळा कपडा, तेलाने काळा झालेला. आप्पा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, “ह्या कपडा घालीसन मन्हा घरमा येवानं नही.” भाऊने कपडे बदलले नाहीत. उंबऱ्यावरूनच तो मागे वळला.

आता कार्डात चारच ओळी होत्या. मुंबई-सुरतेचे काही हौशी मोटारवाले चांदसैली घाट चढायची शर्यत लावणार आहेत. तो निळ्या मोटारीबरोबर मेकॅनिक म्हणून येतो आहे. शर्यत झाली की गाडी घेऊन लगेच नंदुरबारला, तिथून रेल्वेने सुरतेला. तुला जमलं तर ये, आप्पांना सांगू नको.

मी ते कार्ड परकराच्या घडीत लपवलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. आप्पांनी चुलतभावाला सांगून ठेवलं होतं. चुलतभाऊ वाईट नव्हता, पण त्याने कान पिळला असता तर मी मांडवात रडले असते, आणि ते रडणं सासरी जाण्याचं नसतं. मला माझा भाऊ हवा होता. आणि आप्पांनी ‘ये’ म्हटल्याशिवाय तो यायचा नाही, हे मला पक्कं माहीत होतं. दोघं एकाच मातीचे.

दुसऱ्या दिवशी जेवताना आप्पा म्हणाले, “परवादिन धडगावना बाजारमा बैल देखाले जाई ऱ्हायनू.” परवा म्हणजे शर्यतीचा दिवस, आणि धडगावचा रस्ता चांदसैली घाटातूनच जातो. मी भाकरीचा तुकडा हातात धरून म्हटलं, “मी बी येस.” मला वाटलं होतं नाही म्हणतील. लग्न ठरलेली मुलगी डोंगरात कशाला? पण आप्पा म्हणाले, “ये.” माय चुलीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, “जाऊ द्या. हिना पायले भिंगरी शे.”

आप्पांना मी कसं फसवलं, यावर मी दिवसभर मनातल्या मनात खूश होते.

निघालो तेव्हा उजाडलं नव्हतं. मी सासरहून साखरपुड्याला आलेलं नायलॉनचं पातळ नेसले, गुलाबी, बारीक फुलांचं. तेव्हा नायलॉन म्हणजे काय चीज होती हे आता सांगून कळणार नाही. कापूस पिकवणारी माणसं आम्ही, घरात सुताची ददात नाही, आणि नेमका म्हणूनच सुती कपडा आम्हाला रोजचा वाटायचा. चार वर्षांनी भाऊला भेटायचं तर चांगलं दिसायला हवं, आणि चांगलं म्हणजे नायलॉन. आप्पांचं नेहमीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं पांढरं धोतर, सदरा आणि टोपी. मायने शिदोरीचं गाठोडं दिलं ते मी उचललं तर हाताला चांगलंच जड लागलं. उघडून पाहिलं नाही.

बैलगाडीने प्रकाशा, तिथून एस.टी.ने तळोदा. आता ह्याच रस्त्याला तुम्हाला तासभरही लागणार नाही. आम्हाला दुपार झाली, कारण एस.टी. मध्ये एकदा म्हशींसाठी थांबली आणि एकदा ड्रायव्हरच्या मेव्हण्यासाठी. मी सारखी खिडकीतून डोकं बाहेर काढत होते. आप्पा एकदा म्हणाले, “मुंडकं आत ले, नही ते मांगे ऱ्हाई जाई.” तळोद्याच्या धर्मशाळेत मुक्काम केला. बाजारात गरम शेवभाजी मिळाली. तळोद्याला आजही थांबलात तर शेवभाजी खा, मात्र तिखट किती हे आधी विचारून घ्या.

सकाळी धडगावच्या एस.टी.त बसलो. तळोदा सोडलं की सातपुडा समोर उभा राहतो आणि मोहाची झाडं सुरू होतात. पायथ्याशी पोचलो तर रस्त्यावर बांबू आडवा. कंडक्टर खाली उतरून आला आणि म्हणाला, “गाडी आठेच थांबी. दुपारलोंग रस्ता बंद शे. घाटमा मोटारी पयी ऱ्हायन्यात.”

“कोन लागनं त्यास्ना मांगे?” मोटारी पळताहेत हे ऐकून एका म्हाताऱ्याने विचारलं.

“कोनीच नही. हौस शे.”

“मंग हाऊ रस्ता बंद कसाले?”

कंडक्टर तिकिटं मोजायला लागला. मोलगीकडचे काही लोक बाजाराचं ओझं डोक्यावर घेऊन शांतपणे पायवाटेने चढू लागले. मोटारींपेक्षा तेच आधी वर पोचले असतील.

मी आप्पांकडे पाहिलं. बैलांचा बाजार वर, आम्ही खाली. ते चिडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “बैल कोठे पयी जातस? संध्याकायले देखसूत.” आणि एका चहाच्या पालापाशी जाऊन दगडावर बसले, मोटारींकडे पाठ करून.

रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या रानात दोर लावून मोठा चौकोन आखला होता. आत बांबू रोवून प्रत्येक मोटारीला गाळा केलेला, जनावरांच्या बाजारात करतात तसा. पेट्रोलची पिंपं, वाळूच्या बादल्या, उघडी बोनेटं, आणि असा आवाज की छातीत धडधडायला लागलं. मला तो आवाज आवडला हे मी आज कबूल करते. निळी मोटार शेवटच्या गाळ्यात होती. तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. ते पाय मी लगेच ओळखले.

मी सरळ दोराखालून आत शिरले.

“ओ ताई. मागं व्हा.” खाकी कपड्यातला, पिळदार मिशांचा एक गृहस्थ समोर आला. सगळे त्याला सुभेदार म्हणत होते. फौजेतून निवृत्त झालेला, बोली साताऱ्याकडची. त्याने दोराजवळच्या पाटीकडे बोट केलं. वर इंग्रजीत आणि खाली मराठीत लिहिलं होतं: आत येणाऱ्याने पूर्ण पँट आणि बंद बूट घालावेत. कपडे सुती असावेत. धोतर, लुंगी, उपरणे, सैल बाही, चपला, नायलॉन, टेरिलीन यांस मनाई. विडीकाडीस मनाई.

“माझा भाऊ आहे आत. चार वर्षांनी भेटते आहे.”

“असू द्या की. पर हे नायलॉन हाय ना? पेट्रोलजवळ ठिणगी उडाली तर हे जळत न्हाई, वितळून अंगाला चिकटतं. कातडीसकट काढावं लागतं.” मग जरा हळू म्हणाला, “मी बघितलंय, म्हणून सांगतो.”

“मग त्याला बाहेर बोलवा.”

“त्याची गाडी वर जाईस्तवर त्याला गाळा सोडता येत न्हाई. आणि वरनं आली की तशीच ट्रकवर चढवायची. मालकांना रेल्वे गाठायचीय.”

मी सगळ्यात चांगलं म्हणून जे नेसून आले होते, त्यानेच मला दारात अडवलं. मला इतका राग आला की पाटीवर एक लाथ घालावीशी वाटली. पण चपलेची पण मनाई होती.

चहाच्या पालातली जनाबाई हे सगळं ऐकत होती. तळोद्याची बाई, नवरा रस्त्याच्या कामावर मुकादम. तिने मला हाताने जवळ बोलावलं. “हाई पातळ घालीसन इस्तोजोडे जाशी का तू? मन्हं लुगडं ली ले. कासोटा मार, आनि जाय मंग आत.” इस्तो म्हणजे विस्तव. पालाच्या मागे कनातीआड तिने मला तिचं हिरवं सुती लुगडं नेसवलं, कासोटा असा आवळला की श्वास अडकला, पदर कमरेला खोचला आणि नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट चिंध्या कोंबून माझ्या पायात घातले. मी सुभेदारासमोर जाऊन उभी राहिले.

त्याने मला वरून खाली पाहिलं. मग पाटी पाहिली. पाटीवर बायकांबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, कारण बाई येईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. “लोंबतं काही न्हाई,” तो स्वतःशीच म्हणाला. “सुती हाय. बूट हायत. जावा. पर पिंपाजवळ न्हाई.”

भाऊ मोटारीखालून बाहेर आला आणि मला बघतच राहिला. “सिंधू? तू आठे कशी उनी? आनि हाई लुगडं कोनं?”

मी हसले आणि मग रडले, असं दोन्ही झालं. तो वाळला होता. नखं काळी, कपाळावर तेल. मला हात लावायला बिचकला, लुगड्याला डाग पडेल म्हणून. मी त्याला लग्नाचं सांगितलं. तारीख सांगितली. तो ऐकत होता आणि हातातला पाना फडक्याने पुसत होता.

“येशी ना?”

तो पाना पुसतच राहिला. “आप्पा काय म्हनतस?”

“आप्पा बाहेर शेत.”

त्याने मान वर केली. चहाच्या पालापाशी आमच्याकडे पाठ करून बसलेली पांढरी टोपी इथूनही दिसत होती. “आत कसाले नही उनात?”

“धोतर शे ना. येऊ देत नहीत.”

भाऊने पाना खाली ठेवला. मला वाटलं तो हसेल, कारण हसण्यासारखंच होतं ते. तो म्हणाला, “त्यास्नी माले बी असंच सांगं व्हतं.” आणि त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मग तो गाळ्यामागे उभ्या ट्रकच्या फाळक्याकडे गेला, एक जुनी डांगरी आणि बूट काढून माझ्या हातात दिले. धुतलेली होती, पण तेलाचे डाग धुतल्याने थोडेच जातात. “हाई ली जाय. घालतीन का नही, त्यास्नं त्या देखतीन.”

दोरापर्यंतचं ते अंतर मी पळत गेले आणि दोरापाशी थांबले. आप्पांसमोर डांगरी धरायची म्हणजे काय, याची कल्पना करा. चार वर्षं आमच्या घरात त्या कपड्याचं नावही निघालं नव्हतं.

मी ती त्यांच्या शेजारच्या दगडावर ठेवली. ते बघत राहिले.

“कोनी शे हाई?”

“भाऊनी.”

त्यांनी ती उचलली. बाही उलटी केली, शिवण पाहिली, कोपरावरचं ठिगळ पाहिलं. ठिगळ भाऊने स्वतः घातलं असणार, टाके वाकडे होते. आप्पांनी त्या ठिगळावर अंगठा फिरवला. मग शिदोरीचं गाठोडं माझ्याकडे सरकवत म्हणाले, “हाई आत ली जाय. तुन्ही मायनी तिघाजणसना बांधेल शे.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमनने ते मला द्यायच्या आधी ओट्यावर आप्पांना वाचून दाखवलं होतं. बैलबिल काही नव्हतं. फसवली गेले होते मी, आणि माय त्यात सामील होती.

आप्पा कनातीआड गेले. बराच वेळ आले नाहीत. मी सारखी घाटाकडे बघत होते, एकेक मोटार गरजत वर जात होती, आमच्या निळीचा नंबर जवळ येत होता. शेवटी आले ते धोतरावरच डांगरी चढवून. पोट आणि मांड्या अशा फुगल्या होत्या की जनाबाईने तोंडात पदर कोंबला. सुभेदार पुढे आला. पण अदबीने म्हणाला, “आजोबा, आतनं धोतर बी काढावं लागंल. सोगा निसटला आणि पंख्याच्या पट्ट्यात गेला तर माणूस आत खेचला जातो.”

आयुष्यात आप्पांना कुणी असं सांगितलं नव्हतं. मला वाटलं आता संपलं. त्यांचा हात डोक्यावर गेला. मग म्हणाले, “टोपी?”

“टोपी ऱ्हाऊ द्या.”

दुसऱ्यांदा आले तेव्हा नुसती डांगरी, पायात बूट, डोक्यावर पांढरी टोपी. गळ्याजवळचं बटण लागत नव्हतं म्हणून हाताने धरलं होतं. धोतर घडी करून जनाबाईच्या बाजेवर ठेवलं होतं. दोर सुभेदाराने स्वतः वर उचलून धरला.

मी मागे मागे गेले. काय बोलतील याची मला इतकी धास्ती होती की हातातलं गाठोडं मी छातीशी आवळलं होतं. भाऊ वाकून पाया पडायला गेला तर आप्पांनी त्याला दंडाला धरून थांबवलं आणि मोटारीकडे मान करून विचारलं, “काय व्हयनं?”

कारण मोटार खोकत होती. आम्हा सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

“पेट्रोलमा कचरा शे. पिंपना गंज. गचका खाई ऱ्हायनी.”

“गाळी का नही लिधं?”

“गाळाना कपडा फाटी गया. बाकीना सूत सोडतस.”

“मन्हं पातळ शे ना,” मी म्हटलं. बारीक विणीचं, नवं. भाऊ आणि सुभेदार दोघं एकदम “नको” म्हणाले. नायलॉन घासलं की ठिणगी पडते, आणि पेट्रोलवर पडली तर गाळाच काय, माझ्या लग्नाचा मांडवही उभा राहायचा नाही. त्या दिवशी त्या पातळाला दुसऱ्यांदा नकार मिळाला.

आप्पा मोटारीच्या आत बघत होते. मळ्यातल्या इंजिनाचं तेल ते नेहमी कापडातून गाळून घालायचे. भाऊ लहान असताना डबा धरून उभा असायचा. हे शिक्षण त्याला कुठल्याही गॅरेजात मिळालं नव्हतं. आप्पा म्हणाले, “सिंधू, मन्हं धोतर ली ये.”

“आप्पा, घर जाताना मंग?”

“ली ये म्हनं ना.”

मी धावत गेले आणि आले. आप्पांनी धोतराचं टोक दातात धरलं आणि टर्रकन फाडलं. तापीच्या पाण्यात वर्षानुवर्षं धुतलेलं कापड, त्यातून एक धागा सुटत नव्हता. भाऊने चौपदरी करून नरसाळ्यावर ठेवलं. आप्पांनी कडा धरल्या, भाऊ ओतत होता. कापडावर तांबूस गाळ साचू लागला. मग दुसरा तुकडा, मग तिसरा. अधूनमधून फक्त “हं” आणि “थांब”. दोघांचीही ‘हं’ म्हणायची पद्धत एकच आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

निळी मोटार घाट चढली. वळणावळणाने तिचा आवाज वर वर गेला, आणि आप्पा कानामागे हात धरून तो ऐकत उभे होते. कुठे अडखळली नाही. नंबर चौथा आला, पण मालक खूश झाला, कारण सकाळी ती पायथ्याशीच बंद पडेल असं वाटलं होतं. मालक आप्पांचा हात हातात घ्यायला आला तेव्हा आप्पांनी गळ्याजवळचं बटण सोडलं नाही, डावा हात पुढे केला.

ट्रकच्या सावलीत आम्ही जेवलो. मायने खापरावरचे मांडे बांधले होते, भाऊला आवडतात ते. तो चार खाऊन थांबला, आप्पांनी पाचवा त्याच्या पानात टाकला. मी वाट बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील. ‘लग्नाला ये’ एवढे दोन शब्द. आप्पांनी विचारलं, “सुरतले काय खातस तू?” भाऊने सांगितलं. आप्पा म्हणाले, “हं.”

मी जनाबाईचं लुगडं परत केलं आणि पुन्हा त्या गुलाबी पातळात शिरले. पण ते आता मला टोचत होतं. ट्रक प्रकाशावरूनच जाणार होता, म्हणून सुभेदाराने आम्हाला पुढच्या बाकावर बसवून दिलं. भाऊ मागे गाडीबरोबर. तळोदा गेलं, रस्त्याची झाडं गेली, माझ्या मनातल्या मनात वादावादी चालू होती. प्रकाशाला उतरलो. भाऊ खाली उतरला, आप्पांच्या पाया पडला. ह्या वेळी आप्पांनी पडू दिलं. पण बोलले नाहीत. ट्रक निघून गेला आणि मी रस्त्यावर उभी राहून आप्पांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, “एवढा दूर उनात, आनि येवानं सांगं बी नही?”

ते म्हणाले, “चाल.”

समोर कापडाचं दुकान उघडं होतं. बाजाराची माणसं आप्पांकडे बघत होती. पाटील डांगरीत. मी रागातच म्हटलं, “धोतर तरी ली ल्या.”

“ऱ्हाऊ दे.”

गावात शिरलो तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. माय दारात आली. तिने आप्पांना पाहिलं, टोपीपासून बुटांपर्यंत. मग ती उंबऱ्यावर आडवी उभी राहिली, एक हात चौकटीवर.

“ह्या कपडा घालीसन आठे येवानं नही,” ती म्हणाली. “तुम्हनाच कायदा शे.”

चार वर्षं तिने हे वाक्य सांभाळून ठेवलं असावं.

आप्पा म्हणाले, “मालूम शे.” आणि अंगणातच खाली बसले. मग मला म्हणाले, “सिंधू, कारड आन. लिखी ले.”

मी कार्ड आणि टाक आणला. शाळेत शिकल्याप्रमाणे पत्र शुद्ध मराठीत लिहायची मला सवय होती. त्या दिवशी आप्पा बोलले तसंच्या तसं लिहिलं. “आखाजीले ये. जसा व्हशी तसा ये. कपडा कोनता बी चाली. तुन्हा आप्पा.”

मी वाचून दाखवलं, तर त्यांनी मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मायलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मग ते उठले, उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहिले आणि मायला विचारलं, “आते येऊ का?”

मायने चौकटीवरचा हात काढला. “या,” म्हणाली, आणि आत वळून ढसाढसा रडली.

तुम्ही चांदसैलीला जाणार असाल तर पावसाळ्यात जाऊ नका, दरडी कोसळतात. तळोद्याहून शेअर जीप मिळते, भाव बसण्याआधीच विचारा. धडगावला आमचूर चांगला मिळतो, तो जरूर आणा. पायथ्याशी आता चहाची टपरी आहे, पण दोराचा चौकोन कुठे होता ते कुणाला सांगता येत नाही. मी दर वेळी गाडीतून उतरून शोधते. मी सात वेळा जाऊन आले, आणि गुडघे दुखत असले तरी आठव्यांदा जाणार आहे. ते गुलाबी पातळ मी लग्नानंतर नणंदेला देऊन टाकलं. ती डांगरी आप्पांनी मळ्यातल्या इंजिनाच्या खोपीत खुंटीला लावली आणि तेल गाळायचं असलं की घालायचे, टोपीसकट.

भाऊ आखाजीला आला. पांढरा सदरा घालून आला होता, पण हात कितीही घासले तरी नखांतलं काळं गेलं नव्हतं. आमच्या लग्नाचा एकच फोटो आहे. त्यात नवरदेवाच्या उजव्या कानावर एक काळा ठिपका दिसतो. बघणारे विचारतात, आजोबांना कानावर तीळ होता का? नव्हता. ते ग्रीस आहे.